उंसाच्या वाटेवरील मुलें आणि त्यांचीं पुस्तकें

दसरा झाला कीं आपल्या बीड जिल्ह्यांतील रस्त्यांवर दरवर्षीं एकच देखावा दिसूं लागतो. मालमोटारी आणि ट्रॅक्टर गांवोगांवच्या वेशींपाशीं येऊन उभे राहतात. त्यांत पत्र्याची पेटी चढते, पिठाचें गाठोडें चढतें, तवा, घागर, बांबूच्या ताट्या, एखादी शेळी आणि पाय बांधलेल्या कोंबड्या चढतात. आणि या सर्व संसाराच्या वर गोधडींत गुंडाळलेलीं मुलें बसतात. म्हातारीं माणसें वेशीपर्यंत येतात आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तेथेंच उभीं राहतात. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, गेवराई, परळी अशा तालुक्यांतून निघालेल्या या गाड्या अहिल्यानगर, पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांकडे व त्याही पलीकडे कर्नाटकांतील बेळगांवाकडे जातात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हां हजेरीपटावर कांहीं नांवांपुढें गैरहजेरीची खूण पडूं लागते, आणि ती फाल्गुन-चैत्रापर्यंत पडत राहते. दुसरें सत्र संपत येतें, परीक्षा तोंडावर येते, आणि मग तीं मुलें परत येतात. उन्हानें रापलेलीं, अंगानें उंच झालेलीं आणि अभ्यासांत मागें पडलेलीं.

शाळेच्या वार्षिक अंकांत परीक्षांचे निकाल, खेळांतील यश, स्नेहसंमेलन, सहल यांचा वृत्तांत दरवर्षीं येतो, व तो यावा हें योग्यच आहे. परंतु ज्या गोष्टीमुळें आपल्या वर्गांतील बांके अर्धें वर्ष रिकामे राहतात, तिच्याविषयीं आपण फारसें लिहीत नाहीं. मला या लेखांत त्या गोष्टीविषयीं लिहावयाचें आहे; पण थोड्या निराळ्या बाजूनें. या मुलांच्या दारिद्र्याचें वर्णन करण्याचा माझा हेतु नाहीं. माझा विषय आहे त्यांचीं पुस्तकें.

कांहीं वर्षांपूर्वीं मीं सातवीच्या वर्गास 'माझी दिवाळीची सुट्टी' या विषयावर निबंध लिहावयास सांगितलें. एका मुलीनें सुरेख अक्षरांत दोन पानें लिहून आणलीं. त्यांत आकाशकंदील होता, फराळाचीं ताटें होतीं, बाबांनीं आणलेले नवे कपडे होते आणि मामाच्या गांवची नदी होती. मीं तिला दहापैकीं नऊ गुण दिले व तो निबंध वर्गास वाचून दाखविला. ती मुलगी वसतिगृहांत राहत असे. पुढें एकदां तिची आजी तिला भेटावयास आली असतां बोलतां बोलतां मला कळलें कीं, त्या दिवाळींत मुलीचे आईबाप घरीं नव्हतेच. ते धनत्रयोदशीच्या आधींच टोळीबरोबर गेले होते, आणि मुलीची सगळी सुट्टी आजीच्या घरीं धाकट्या भावाला सांभाळण्यांत गेली होती. निबंध तिनें बाजारांतील एका मार्गदर्शक पुस्तकावरून उतरून काढला होता. ती खोटें बोलली असें मी म्हणणार नाहीं. दिवाळी म्हणजे काय हें तिला ज्या ज्या पुस्तकांनीं सांगितलें होतें, त्या सर्वांत आईबाप घरीं असत. आपली दिवाळी ही कागदावर लिहिण्याजोगी वस्तूच नव्हे, असा तिचा समज झाला होता. आणि तो समज मीं नऊ गुण देऊन पक्का केला.

दुसऱ्या वर्षीं मीं तिला जवळ बोलावून सांगितलें, "बाळ, तूं लहानपणीं आईबरोबर फडावर गेली होतीस ना? तेथें डोळ्यांनीं पाहिलेलें कांहींही लिही." तिनें एकच पान लिहिलें. बांबू वांकवून कोपी कशी उभी करतात, तिच्यावर ताट्या व पाचट कसें टाकतात, तिसऱ्या दिवशीं तिची आई आंतील भुई सारवून चुलीची जागा कशी ठरविते, आणि पहिल्या रात्रीं आडवें झाल्यावर पाचटाचा गोडसर वास कसा येतो, एवढेंच त्यांत होतें. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. परंतु तें पान वाचलें जात असतां सगळा वर्ग निश्चळ बसला होता, आणि वाचून संपल्यावर चार-पांच मुलांनीं मान खालीं न घालतां सांगितलें कीं, "गुरुजी, आमची कोपीपण अशीच असते." त्या चार-पांच मुलांपैकीं दोघांचे आईबाप ऊंसतोडीला जातात हें तोंवर मला ठाऊकही नव्हतें.

या प्रसंगापासून माझें एक मत बनलें आहे, आणि तें मी पालकांपुढें व विद्यार्थ्यांपुढें स्पष्टपणें मांडूं इच्छितों. घर सोडून परमुलखांत कामाला जाणाऱ्या कुटुंबांच्या गोष्टी आपल्या मुलांच्या पुस्तकांत आल्या पाहिजेत. त्या खऱ्या तपशिलांसह आणि आपल्या बोलींतील शब्दांसह आल्या पाहिजेत. आणि त्या लिहिण्याचें काम पुण्या-मुंबईच्या लेखकांवर न सोडतां आपल्या जिल्ह्यानें आपल्या अंगावर घेतलें पाहिजे.

शहरांतील ज्या वाचकांस हा व्यवहार नीट माहीत नसेल त्यांच्याकरितां दोन शब्द सांगतों. सह्याद्रीवर बरसून आलेले ढग बालाघाटाच्या माथ्यावर पोहोंचेपर्यंत रिते झालेले असतात. डोंगरपट्ट्यांतील जमीन बहुतेक ठिकाणीं उथळ व खडकाळ; खरिपाचें एक पीक हातीं लागलें तर लागलें. १९७२ च्या दुष्काळानें किती घरें मुळापासून हालविलीं, हें प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या आजोबांस विचारून पाहावें. तिकडे १९५० मध्यें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें प्रवरानगर येथें सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्यामागोमाग पश्चिम महाराष्ट्रांत कारखान्यांची रांग लागली. तिकडे पाणी होतें, ऊंस होता, तोडावयास माणसें कमी पडत होतीं. इकडे माणसें होतीं, काम नव्हतें. या दोहोंच्या मध्यें मुकादम उभा राहिला. पावसाळ्यांत तो उचल देतो. त्या पैशांतून लेकीचें लग्न होतें, औषधपाणी होतें, मागचें देणें भागतें. आणि मग हिंवाळाभर ती उचल टनांच्या हिशेबानें फेडावी लागते. न फिटली तर ती पुढच्या वर्षाच्या मानेवर बसते.

या व्यवहारांत मोजण्याचें माप 'कोयता' हें आहे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. पहांटेच्या काळोखांत नवरा ऊंस तोडावयास लागतो. बायको तो गोळा करून मोळी बांधते, आणि मोळी डोक्यावर घेऊन लांकडी फळीवरून मालमोटारींत चढविते. त्यांचें मूल धाकट्या भावंडाला खेळवितें, पाणी भरतें, बैलांपुढें वाढें टाकतें, थोडें मोठें झालें कीं मोळ्याही बांधूं लागतें. परंतु मुकादमाच्या वहींत त्या मुलाला आंकडा नाहीं. शाळेच्या पटावर नांव आहे, तर तेथें गैरहजेरीची खूण आहे. आणि वाचनाच्या पुस्तकांतही तें नसेल, तर त्या मुलाची मोजदाद करावयाची तरी कोठें?

साखर आणि स्थलांतर यांचें नातें आपल्या जिल्ह्यापुरतेंच नाहीं. वेस्ट इंडीज हें नांव आपल्या मुलांस क्रिकेटमुळें चांगलें परिचयाचें आहे. त्या बेटांवर उंसाचे मोठमोठे मळे होते, व ते आफ्रिकेंतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. १८३४ मध्यें ब्रिटिश साम्राज्यांत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली आणि १८३८ मध्यें त्या गुलामांस पूर्ण मोकळीक मिळाली. तेव्हां मळेवाल्यांनीं हिंदुस्थानाकडे दृष्टि वळविली. कराराच्या कागदावर अंगठा घेऊन हिंदी मजूर १८३८ पासून ब्रिटिश गियानांत व १८४५ पासून त्रिनिदादांत उतरूं लागले. रोहन कन्हाय, शिवनारायण चंद्रपॉल हीं नांवें वेस्ट इंडीजच्या संघांत कशीं आलीं, याचें उत्तर या इतिहासांत आहे. मॉरिशस बेटावर तर १८३४ पासूनच हा ओघ सुरू झाला होता, आणि त्यांत आपल्या कोंकणांतील मराठी कुटुंबेंही होतीं. त्यांच्या वंशजांनीं आपली भाषा टाकली नाहीं. मॉरिशसच्या शाळांतून आजही मराठी शिकविली जाते. ज्या धक्क्यावर ते मजूर उतरत, तो पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहे. उंसाच्या मागें चाललेल्या माणसांची ही वाट किती लांब आहे हें यावरून दिसेल. धारूरच्या घाटांतून रात्रीं उतरणारी मालमोटार त्याच वाटेवर आहे.

याच वेस्ट इंडीज बेटांतील लोकांवर पुढें दुसऱ्यांदा घर सोडण्याची वेळ आली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत कामकऱ्यांची वाण पडली होती, व बेटांवर काम नव्हतें. २२ जून १९४८ रोजीं 'एम्पायर विंडरश' नांवाच्या आगबोटींतून शेंकडों माणसें टिलबरी बंदरांत उतरलीं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंतच, १७ सप्टेंबर १९४८ रोजीं, आपला मराठवाडा निजामी अंमलांतून मुक्त झाला. म्हणजे ही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांच्या आठवणींतील काळाची आहे. त्या आगबोटीमागून अनेक आगबोटी गेल्या. बहुधा बाप पुढें जाई, मग आई जाई, आणि मुलें आजीजवळ किंवा परक्या घरीं मागें राहत. पैसे सांठले म्हणजे त्यांस बोलावून घेत.

या मुलांपैकीं कित्येकांनीं मोठेपणीं आपल्या बालपणाच्या गोष्टी मुलांसाठीं लिहिल्या. फ्लोएला बेंजामिन ही बाई १९४९ मध्यें त्रिनिदादांत जन्मली. वडील आधीं इंग्लंडास गेले. मग आई धाकट्या दोन मुलांना घेऊन गेली. आणि फ्लोएला व तिचीं तीन भावंडें वर्षाहून अधिक काळ दुसऱ्यांच्या घरीं कष्टांत राहिलीं. १९६० मध्यें तीं चौघें आगबोटीनें इंग्लंडास पोहोंचलीं. तेथें त्यांच्या रंगाची व बोलण्याची थट्टा झाली. या सर्व हकीकतीवर तिनें 'कमिंग टू इंग्लंड' हें पुस्तक १९९५ मध्यें प्रसिद्ध केलें. पुढें तिला ब्रिटिश उमरावसभेंतही स्थान मिळालें. कवि बेंजामिन झेफानाया यानें २०२० मध्यें 'विंडरश चाइल्ड' ही मुलांची कादंबरी लिहिली. तिच्यांतील लेनर्ड नांवाचा दहा वर्षांचा मुलगा आईबरोबर जमेकाहून मँचेस्टरला जातो, आणि ज्याचा चेहराही नीट आठवत नाहीं अशा बापाला भेटतो. आज इंग्लंडांतील शाळांत अशीं पुस्तकें गोरीं व काळीं मुलें एकाच वर्गांत बसून वाचतात.

आतां माझ्या वाचकांनीं मनाशीं विचार करावा. आईबाप कामाला दूर गेले आहेत आणि मूल आजीजवळ राहिलें आहे, ही गोष्ट त्रिनिदादची कीं शिरूर कासारची? सहा महिन्यांनीं परत आलेल्या बापाजवळ जावयास तान्हें मूल लाजतें, ही गोष्ट जमेकाची कीं पाटोद्याची? समुद्रापलीकडच्या मुलांनीं आपलें दुःख व आपली हिंमत पुस्तकांत बांधून ठेविली. आपलीं मुलें तीच शिदोरी जवळ बाळगून आहेत, पण ती त्यांस लपवावीशी वाटते.

मराठींत कांहींच नाहीं असें मी म्हणत नाहीं. साने गुरुजींनीं १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या 'श्यामची आई' या पुस्तकानें घरचें दारिद्र्य न लपवितां सांगितलें, म्हणूनच तें घरोघर पोहोंचलें. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत धनगरांच्या वस्तीवर गेलेला एक तरुण मास्तर आहे. आणि शेवटीं दुष्काळामुळें मेंढरांसह वाडी सोडून जाणारीं माणसें आहेत. ती वाचतांना आमच्यासारख्या शिक्षकांस आपलाच ओस पडलेला वर्ग आठवतो. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' या १९८० मधील आत्मकथनांत पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबांतील मुलाचें शिक्षण आहे. हीं थोर पुस्तकें आहेत. परंतु यांतील शेवटचीं दोन मोठ्यांसाठीं लिहिलेलीं आहेत. आणि पांचवी-सहावींतील मुलानें हातीं घ्यावें, त्यांत कोयता, कोपी, मोळी, मुकादम हे शब्द सहज भेटावेत, व ज्याचा नायक फडावर जाणारें किंवा फडावर न जातां मागें राहिलेलें मूल असावें, असें वाङ्मय मला आमच्या कपाटांत शोधूनही फार थोडें सांपडतें.

माझ्या या मताविरुद्ध तीन आक्षेप मीं ऐकले आहेत. त्यांचा विचार केल्यावांचून पुढें जाणें न्यायाचें होणार नाहीं.

पहिला आक्षेप स्वतः ऊंसतोड करणाऱ्या पालकांचाच आहे, व तो मला सर्वांत जड वाटतो. एक बाप मला म्हणाला, "मास्तर, आमच्या नशिबीं कोयता आला तो आला. पोराच्या हातांत पुस्तक दिलें तें कोयता विसरावा म्हणून. तुम्ही पुस्तकांतही कोयताच दाखविणार?" त्याच्या शब्दांतील वेदना मला समजते. परंतु मी त्याला नम्रपणें विचारतों कीं, मुलानें कोयता टाकावा हें खरें. पण कोयता चालवून ज्यांनीं त्याला शाळेंत पाठविलें, त्या आईबापांसही त्यानें टाकावें काय? ज्या मुलाला आपल्या घराची लाज वाटूं लागते, तो शिकून वर गेला तरी घरापासून तुटतो. आणि चारचौघांत बापाची ओळख करून देण्याची पाळी आली कीं पाय मागें घेतो. असे सुशिक्षित आपण पाहिले आहेत. पुस्तकानें कोयत्याचा गौरव करूं नये. परंतु कोयता धरणाऱ्या हातांचा मान राखावा, एवढेंच माझें मागणें आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, लहान मुलांस दुःखाच्या गोष्टी कशाला सांगाव्या? त्यांचीं मनें कोंवळीं असतात. याला माझें उत्तर असें कीं, जें मूल तें दुःख रोज पाहतें त्याच्यापासून तें लपविण्यांत अर्थ नाहीं. आणि जें मूल पाहत नाहीं त्याच्यापासून लपविलें तर तें मूल निर्दय होतें. परत आलेल्या मुलाला वर्गांत जी टोपणनांवें पडतात, तीं दुष्टपणापेक्षां अज्ञानानें अधिक पडतात. शिवाय आपण ख्रिस्ती लोक आपल्या बालकांस रविवारच्या शाळेंत कोणत्या गोष्टी सांगतों? अब्राहाम आपला देश सोडून निघाला ही. याकोबाचें सगळें कुटुंब दुष्काळांत अन्नासाठीं मिसर देशास गेलें ही. बेथलेहेमांत दुष्काळ पडला म्हणून नामी मवाबास गेली, आणि परतलेल्या सासूबरोबर परकी रूथ दुसऱ्याच्या शेतांत सरवा वेंचूं लागली ही. आपला प्रभु तान्हा असतां त्याच्या आईबापांनीं त्याला रातोरात परमुलखांत नेलें, हीही गोष्ट आपण लेंकरांस सांगतों. यांतील कोणत्याही गोष्टीनें कोणाचें कोंवळें मन बिघडल्याचें मला माहीत नाहीं. उलट, उपाशी माणसाला दार उघडावें हें अनेकांस याच गोष्टींनीं शिकविलें.

तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा आहे. ते म्हणतात, "गोष्टीच्या पुस्तकानें पोट भरतें काय? आधीं वसतिगृहें द्या, आधीं शाळा द्या." हें अगदीं खरें आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २०१० पासून अंमलांत आहे. गांवींच मुलांची सोय लावणारीं हंगामी वसतिगृहें चालतात. कारखान्यांच्या परिसरांत साखरशाळांचे प्रयोग झाले. शिरूर कासार तालुक्यांतील आर्वी येथें 'शांतिवन' ही संस्था अशा मुलांना सांभाळते. २०२१ मध्यें शासनानें संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना काढली. राज्यांतील ४१ तालुक्यांत मुलांचें एक व मुलींचें एक अशीं ८२ वसतिगृहें उघडावीं अशी ती योजना आहे. हें सर्व पूर्णपणें व वेळेवर व्हावें यासाठीं पालकांनीं व शिक्षकांनीं आग्रह धरलाच पाहिजे. पुस्तक हा त्याला पर्याय नव्हे. परंतु वसतिगृह मिळालेल्या मुलाचेंही एक दुःख उरतें, तें भाकरीनें भागत नाहीं. रात्रीं दिवा मालविल्यावर तें मूल आईच्या कोपीचा विचार करतें. त्याच्या शेजारच्या खाटेवरचें मूलही तोच विचार करीत असतें. आणि दोघेही एकमेकांपासून तो लपवितात. अशा वेळीं दोघांनीं मिळून वाचावें असें एक पुस्तक कपाटांत असलें, तर त्यांचें एकटेपण तरी निमें होईल.

आतां तें पुस्तक कसें असावें याविषयीं माझी अपेक्षा सांगतों. त्यांतील मूल केवळ दयेचा विषय नसावें. तें हुशार असावें, व्रात्य असावें, कधीं खोटें बोलणारें असावें; म्हणजे मूल असावें. त्यांत मुकादम राक्षस नसावा व कारखानदारही राक्षस नसावा. पण उचलीचा हिशेब मात्र खरा असावा, कारण तो हिशेब ज्याला समजला तो पुढें फसणार नाहीं. त्यांत ज्या गांवाला आपण गेलों तेथील माणसेंही असावींत. फडावरच्या मुलांस आपल्या विहिरीवर पाणी भरूं देणारीं आणि न देणारीं, दोन्ही. मागें राहिलेली आजी त्यांत असावी. आणि परत येण्याची वाट असावी. कारखान्याचा हंगाम संपल्यावर गाडी गांवाकडे वळते, तेव्हां डोंगर ओळखीचे दिसूं लागतात, आणि मुलें एकमेकांस नांवें सांगूं लागतात. तो आनंद ज्यानें अनुभवला नाहीं, त्याला तो कल्पनेनें लिहितां येणार नाहीं.

म्हणूनच मीं वर म्हटलें कीं, हें काम आपल्याच जिल्ह्यानें केलें पाहिजे. यावर कोणी विचारील, "आम्ही का लेखक आहों? आमची भाषा अशुद्ध." त्यांना मी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण देतों. त्यांचें रीतसर शालेय शिक्षण झालें नव्हतें. तरी घरांत जशा बोलत तशाच भाषेंत त्यांनीं आपली कहाणी सांगितली, आणि १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेलीं त्यांचीं 'स्मृतिचित्रें' मराठी भाषेचें भूषण ठरलीं. भाषेची शुद्धि आम्ही शिक्षक पाहून घेऊं. तें आमचें कामच आहे. परंतु पाचटाचा वास आम्हांस कोठून आणतां येणार?

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, माझी तुम्हांस एक विनंती आहे. तुमच्यापैकीं जे फडावर जाऊन आले आहेत, त्यांनीं येत्या सुट्टींत एक वही करावी आणि तींत रोज एक पान लिहावें. काय खाल्लें, कोणती वाट, कोणता गांव, कोण भेटलें, कोणाशीं भांडण झालें, असें साधें लिहावें. ज्यांचे आईबाप जातात पण जे स्वतः मागें राहतात, त्यांनीं मागें राहण्याचें लिहावें. तेंही लिहिण्याजोगें आहे. ज्यांच्या घरचें कोणीच जात नाहीं, त्यांनीं आपल्या शेजारच्या बांकावरील सोबत्यास विचारून ऐकावें. ऐकतांना हंसूं नये आणि कींवही करूं नये. त्यांनीं आपल्या घरची साखर एकदां हातावर घेऊन पाहावी व ती कोठून आली याचा विचार करावा. पुढील वर्षाच्या अंकांत अशा लेखनासाठीं चार पानें राखून ठेवावीं अशी संपादक मंडळास माझी सूचना आहे. चार पानांचीं चाळीस होतील, आणि चाळीसांतून एखादें पुस्तक उभें राहील, असा मला विश्वास वाटतो.

आणि पालकहो, चैत्र-वैशाखांत तुम्ही घरीं याल तेव्हां रात्रीं अंगणांत मुलांस जवळ घेऊन बसा. या हंगामांत काय घडलें तें त्यांस सांगा. कष्ट सांगा, पण फडावरच्या गमतीही सांगा. कोणाच्या बैलानें दोर तोडला, कोणाच्या कोपींत मांजर व्यालें, कोण आजारी पडलें असतां कोण धांवून आलें, तेंही सांगा. तुम्हांस वाटेल, यांत सांगण्यासारखें काय आहे? ज्या मुलीनें मला कोपीचें पान लिहून दिलें, तिलाही तसेंच वाटत होतें.

तें पान मीं अद्याप जपून ठेविलें आहे. त्याला मीं गुण दिले नाहींत. नऊ गुणांच्या त्या निबंधाखालीं सही करणाऱ्या माझ्या हाताला तें पान तपासण्याचा अधिकार आहे, असें मला वाटलें नाहीं.

— एक शिक्षक